घसा : नाही

डिसेंबरातली पहाट, पावणेसहाची वेळ, क्रूझरच्या सगळ्या काचा खाली आणि गाडी वंटमुरीच्या घाटात. कानाला मफलर, तोंडाला मास्क, ट्रॅकसूटच्या आत घरूनच घालून आलेली जर्सी. शेजारची जागा रिकामी, कारण तिथं बसायला मनाई. गाणी नाहीत, अंताक्षरी नाही. सहा मुली गारठून आपापल्या खिडकीला टेकलेल्या. ड्रायव्हरमामांना राहवलं नाही. आरशातून बघत म्हणाले, "काय गं, कुणाच्या मयताला चाललाय काय?"

मयताला नव्हे, निपाणीला. झोनल खेळायला.

2021-22 मधल्या, कोरोनाच्या काळातल्या आमच्या बास्केटबॉल सीझनची ही गोष्ट. मी येळ्ळूरची, तेव्हा बेळगावात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ रचणारी, आणि कॅप्टन. सीझन म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढं आणू नका. आमच्याकडं सीझन म्हणजे तीन-चार महिने प्रॅक्टिस, गावातल्या दुसऱ्या कॉलेजांशी दोन-चार फ्रेंडली आणि शेवटी दोन दिवसांची झोनल, म्हणजे आमच्या विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा. त्यात नशीब काढलं तर युनिव्हर्सिटीच्या संघाची निवड चाचणी. एवढ्यासाठी वर्षभर पहाटे उठायचं.

2021 च्या मार्चमध्ये मी मोबाइलवर अमेरिकेतल्या कॉलेजांची स्पर्धा बघितली होती. 68 संघ आणि सगळी स्पर्धा इंडियाना या एकाच राज्यात आणून ठेवलेली. खेळाडूंची रोज तपासणी, हॉटेलात प्रत्येकाला वेगळी खोली. एवढं करूनही व्हीसीयू आणि ऑरेगन या दोन संघांचा सामना सुरू व्हायच्या काही तास आधी रद्द झाला. व्हीसीयूचे खेळाडू पॉझिटिव्ह निघाले होते, ऑरेगन न खेळताच पुढं गेलं. आमच्याजवळ काय होतं? एक थर्मल गन, एक ऑक्सिमीटर आणि एक शंभर पानी रजिस्टर. या तिघांत सगळ्यात स्वस्त वस्तू रजिस्टर, आणि सगळ्यात कामाची तीच ठरली. फक्त तिच्यात खरं लिहायला पाहिजे होतं.

कर्नाटकात डिग्री कॉलेजं 26 जुलै 2021 ला उघडली, तीही निदान एक डोस घेतलेल्यांसाठी. डोस घेण्यावरूनच टीममध्ये पहिला गोंधळ झाला. लस घेतली की पाळी बिघडते, पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस घ्यायची नाही, असले मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. दोघींच्या घरून तर सरळ नकार होता. शेवटी आमच्या मॅडम त्या दोघींच्या घरी जाऊन आयांशी बोलून आल्या. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण आठवड्यात दोघींचे दंड दुखत होते.

कोर्टाची अवस्था तर बघवत नव्हती. दीड वर्ष माणूस फिरकलेला नाही, त्यात बेळगावचा पाऊस. काँक्रीटवर हिरवंगार शेवाळ, एका रिंगला जाळी नाही, दुसऱ्या रिंगमागच्या बोर्डावर कबुतरांनी संसार थाटलेला. पाऊस उघडेपर्यंत कोर्टावर पळणं शक्यच नव्हतं, म्हणून ऑगस्टभर आम्ही टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर झाडांखालून पळालो. नाव ऐकून शिनोळीची विचारायची, "इथं कोरोनाची लस करतात काय?" कोरोनाची नव्हे, पण एके काळी देवीची लस इथं तयार व्हायची, ते नाव तिथून आलंय. आमच्या आजीच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, रुपयाएवढा. त्या झाडांतून पळताना मला तो दिसायचा.

शिनोळीचीबद्दल सांगायला हवं. नावानं कुणालाच हाक मारत नाही आम्ही. शिनोळीची, अनगोळची, खानापूरची, कॅम्पातली, अशीच ओळख. शिनोळी बेळगावपासून अर्ध्या तासावर, पण महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. ती जन्मापासून बेळगावात बाजाराला, दवाखान्याला, शाळेला येणारी. कोरोनानं तिला पहिल्यांदा सांगितलं की मधे बॉर्डर आहे. बाचीच्या नाक्यावर पोलीस. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवसांतून एकदा आरटीपीसीआर. मग काय, नाकात काडी घालून घालून तिचं नाक इतकं सरावलं की ती म्हणायची, "आता मला शिंकसुद्धा येत नाही." टीममध्ये सगळ्यात जास्त तपासण्या झालेली तीच. माझ्या मते म्हणूनच सगळ्यात निर्धास्तही तीच होती.

आमचे सर, म्हणजे फिजिकल डायरेक्टर, गोकाककडचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. त्यांनी बारा जणींचे चार गट केले. तिघींचा एक गट, गटाला एक बॉल, एक रिंग, एक वेळ. दोन गट सकाळी सहाला, दोन सातला. पाण्याच्या बाटलीवर प्रत्येकीचं नाव. हिशेब साधा होता. एक पॉझिटिव्ह निघाली तर तिघी घरी बसतील, नऊ उरतील. पाचावर मॅच खेळता येते. गटांना आमच्याकडच्या गोड पदार्थांची नावं आम्ही दिली : कुंदा, करदंट, मांडे आणि पेढा. मी मांडे गटात. सरांना हे आवडलं नव्हतं, पण महिन्याभरात तेच ओरडायला लागले, "करदंट, टायम झालं, निघा बाहेर!"

पहिला महिना कुणी कुणाच्या अंगाजवळ जायचं नाही. नुसतं शूटिंग, ड्रिबल, ले-अप. बास्केटबॉल हा अंगाला अंग घासून खेळायचा खेळ. रिबाऊंडला पाठीनं मागचीला अडवायचं, कोपरानं जागा करायची. हात न लावता डिफेन्स करायचा म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकायचं. सप्टेंबरात तीन-तीनचा खेळ सुरू झाला, अर्ध्या कोर्टावर, एका रिंगवर. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदाच आलेला असल्यामुळं आम्हालाही जरा भारदस्त वाटत होतं. पाच-पाच खेळलो ते ऑक्टोबरच्या शेवटी, बहुतेक सगळ्यांचे कोविशील्डचे 84 दिवस भरून दुसरा डोस झाल्यावर.

सुरुवातीला आमचा सगळा जोर बॉल धुण्यावर. कुणीतरी ग्राऊंडवरच्या मामांना सांगितलं, त्यांनी ब्लीचिंग पावडरच्या बादलीत चार बॉल रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी बॉल पांढरेफटक, वरचे दाणे गुळगुळीत, हातात ठरेनात. नवे बॉल येईपर्यंत त्याच साबणाच्या वड्यांनी खेळलो. नंतर सरांनी बॉलचा नाद सोडला. खेळायच्या आधी आणि नंतर हात धुवा, खेळताना तोंडाला हात लावू नका, बास.

थर्मल गनचीही तीच गत. येळ्ळूरहून पहाटे गाडीवर वारं खात यायचं आणि गेटवर कपाळाला गन लावायची. 93.8. मागचीचं 93.2. शिनोळीचीचं एकदा 91 आलं. या हिशेबानं आम्ही सगळ्या केव्हाच गार पडलेल्या असायला हव्या होतो. सरांनी आठवडाभर ते आकडे इमानानं लिहून घेतले, मग गन कपाटात ठेवली आणि रजिस्टर काढलं.

रजिस्टरात पाच रकाने : ताप, घसा, खोकला, वास-चव, घरी कुणी आजारी. रोज स्वतःच्या हातानं भरायचं. कुणी ‘नाही’ लिहायचं, कुणी कन्नडमध्ये ‘इल्ल’, कॅम्पातली इंग्रजीत ‘नो’. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "खरं लिवा. ज्यानी ‘आहे’ लिवलं, त्याचं जागा मी ठेवणार. बरं होऊन आलं की त्याच जागेवर खेळणार. जागा कुटं पळून जातंय काय?" सरांच्या मराठीत सगळंच नपुंसकलिंगी असतं, त्यामुळं आम्ही हसलो. ते काय सांगतायत इकडं निम्म्या जणींचं लक्षच नव्हतं. माझं होतं. आणि तरीही.

बाकीचे नियम भराभर सांगते. पळताना मास्क नाही. दोन ले-अप मारले की तो भिजून ओल्या फडक्यासारखा नाकाला चिकटायचा, श्वास घेता यायचा नाही. पण कोर्टाबाहेर पाऊल टाकलं की मास्क, आणि त्यासाठी प्रत्येकीच्या बॅगेत कोरडे दोन. बेंचवर खुर्च्या लांब लांब. हात मिळवायचा नाही, नमस्कार. चेंजिंग रूम बंद, कपडे घरूनच घालून यायचे. मुलींना हे सोपं नाही. चार तास बाहेर राहायचं तर काय काय लागतं ते मुलींनाच ठाऊक, म्हणून मॅडमनी स्टाफच्या बाथरूमची किल्ली मागून घेतली आणि एकेकीला सोडलं.

मॅचमध्ये सर झोन डिफेन्स खेळवायला लागले, म्हणजे प्रत्येकीनं कोर्टाचा आपापला भाग राखायचा. आधी आम्ही कायम मॅन-टू-मॅन खेळायचो. कारण विचारलं तर म्हणाले, झोन खेळलं की एकाच मुलीला सतत चिकटावं लागत नाही. त्यांनी एकदा खरंच स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. दहा मिनिटांच्या तीन-तीनच्या खेळात मी माझ्या समोरचीच्या हाताच्या अंतरात सलग नव्हे, सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं होते. तेही उघड्यावर, वाऱ्यात. तेव्हा जवळचा संपर्क म्हणजे सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटं असा हिशेब धरायचे. सरांचं म्हणणं, कोर्टावर पंधरा मिनिटं भरायची मुश्कील. गाडीत बसलं की पहिल्या स्टॉपलाच भरतात. म्हणून बाहेरगावी जायला एकाऐवजी दोन क्रूझर. दुसऱ्या गाडीचे पैसे कॉलेजनं दिले नाहीत. ते कुणी दिले हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि सांगायची परवानगी नाही.

दिवाळी पार पडली, तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. दीड वर्ष अडकलेली सगळी लग्नं त्या नोव्हेंबरात. माझ्या मामेबहिणीचं लग्न चंदगडकडं होतं. हॉलमध्ये पंगतीवर पंगती, मास्क हनुवटीला. मीही तशीच. बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन परत आले.

गुरुवारी 25 नोव्हेंबरला सकाळी घसा खवखवायला लागला. शुक्रवारी आमची फ्रेंडली होती, झोनलच्या आधीची शेवटची. जिच्याकडं पॉइंट गार्डची जागा जाईल ती करदंट गटातली पोरगी, सेकंड इयरची, हॉस्टेलवर राहणारी, आमच्यातली सगळ्यात चांगली शूटर. एकदा ती खेळली आणि जमलं तर मला परत बोलावतील कशाला? सर जागा ठेवतो म्हणाले होते. पण सगळेच सर म्हणतात. शुक्रवारी पहाटे मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि गेटवर रजिस्टर उघडलं. ताप : नाही. घसा...

तिथं पेन थांबलं होतं, हे मला अजून आठवतं. माझ्या वरच्या ओळीत कुणीतरी ‘इल्ल’ लिहिलेलं, ठसठशीत. मी ‘नाही’ लिहिलं आणि आत गेले. कॅप्टन असल्यामुळं रजिस्टर बंद करून सरांना नेऊन देणंही माझंच काम.

मॅच चांगली झाली. आम्ही जिंकलो. संपता संपता अवकाळी पाऊस आला. त्या आठवड्यात तो सारखाच येत होता. बाकीच्या पोर्चमध्ये थांबल्या, आम्ही चौघी स्पोर्ट्स रूममध्ये घुसलो. ती खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. व्हॉलीबॉलच्या जाळ्या, जुन्या मॅट, कुबट वास, खिडकी नाही. पाऊस आत येतो म्हणून दार ओढून घेतलं, मॅटवर बसलो आणि मी लाडवांचा डबा उघडला. अर्धा तास. मास्क लावून लाडू खाता येत नाही.

रात्री अंग मोडून आलं. नऊ वाजता सरांना फोन केला. ते ओरडतील म्हणून कान लांब धरला होता. ते एवढंच म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, कालपासून. बराच वेळ फोनवर नुसती शांतता. मग, "स्पोर्ट्स रूममध्ये कोण कोण होतं, नाव सांग."

शनिवारी सरकारी दवाखान्यात नाकातला स्वॅब दिला, मोबाइलवर एसआरएफ आयडीचा, म्हणजे स्वॅबच्या नंबराचा, मेसेज आला आणि सोमवारी रिपोर्ट : पॉझिटिव्ह. नेमक्या त्याच दिवसांत धारवाडच्या एका मेडिकल कॉलेजात कार्यक्रमानंतर शेकड्यांनी विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाल्याच्या बातम्या टीव्हीवर सतत चालू होत्या. माझ्या घरात टीव्ही बंद करायला कुणी तयार नव्हतं.

सरांनी माझ्याबरोबर कोर्टावर असलेल्या सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या. समोरच्या कॉलेजच्या मॅडमनाही फोन केला. तो फोन मला स्पीकरवर ऐकवला, मुद्दाम. "आमच्या कॅप्टनला लक्षण होतं, तरी खेळली, माफ करा मॅडम." ते ‘माफ करा’ मी म्हणायला हवं होतं. कोर्टावरच्या कुणालाही काही निघालं नाही, ना त्यांच्या, ना आमच्या. स्पोर्ट्स रूममधल्या चौघींत मात्र मी सोडून एक निघाली, अनगोळची. लाडू तिनंच सगळ्यात जास्त खाल्ले होते. एका प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर क्रूझरच्या काचा उघड्या ठेवायला मी एकदाही कुरकुर केली नाही.

घरचं वेगळंच. आमचं घर म्हणजे आई-बाबा, भाऊ, आजी आणि दोन म्हशी. मला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलं. नोव्हेंबर संपत आलेला म्हणजे येळ्ळूरला भाताची सुगी. अवकाळीनं भात आधीच आडवं झालेलं, निम्मं कापलेलं, निम्मं उभं. आमच्याकडं सुगीला पैरा चालतो. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. रिपोर्ट आल्याचं आशाताई सांगून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पैऱ्याला कुणी आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसते आले नाहीत. चूक त्यांची नव्हतीच. बाबा, आई आणि भाऊ यांच्या तपासण्या निगेटिव्ह येईपर्यंत चार दिवस शेतात माणूस नाही, आणि रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं. खिडकीच्या गजातून मला राजहंसगड दिसायचा आणि त्याच्यावर चढणारे ढग.

आजी दोन वेळा ताट घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर ठेवून लांब उभी राहायची. तिचे दोन्ही डोस झाले होते, तिला काही झालं नाही. मला ती रागावलीही नाही, म्हणाली एवढंच, "तुज्या त्या बॉलापायी भात ऱ्हायलं की गं शेतात." चार पोती भात भिजून काळं पडलं. त्याचा तांदूळ त्या वर्षी आम्हीच खाल्ला. प्रत्येक घासाला आठवण व्हायची.

खेळायला परत येणं हे वेगळंच प्रकरण निघालं. मला वाटलं होतं, दहा दिवस झाले, निगेटिव्ह झालं की जर्सी घालायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतं का, धडधडतं का, चालताना दम लागतो का. या आजारात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि तशात जोरात पळणं जिवावर बेतू शकतं, म्हणून खेळाडूंनी एकदम सुरुवात करायची नाही. निदान दहा दिवस पूर्ण विश्रांती, त्यातले शेवटचे सात कसलंही लक्षण नसलेले, मग पायरीपायरीनं. सरांनी एक तक्ता पाठवला. पहिली पायरी : पंधरा मिनिटं चालणं, आणि नाडी कमाल वेगाच्या 70 टक्क्यांच्या आत. कमाल वेग काढायचा 220 मधून वय वजा करून. माझं वय वीस, म्हणजे 200, त्याचे 70 टक्के 140. मिनिटभर मोजत बसण्यापेक्षा पंधरा सेकंद मोजायचे, 35 च्या वर जाता कामा नये.

अकराव्या दिवशी शेताकडच्या वाटेनं निघाले. सपाट वाट, बैलगाडीची. चार वर्षं जिच्यावरून धावले ती. दहा मिनिटांनी थांबून गळ्याच्या बाजूला दोन बोटं दाबली, मोबाइलवर सेकंद बघितले. अडतीस. परत मोजले, सदतीस. काही पळाले नव्हते, ओझं नव्हतं, नुसती चालले होते. बांधावर बसले. मागून आजी येत होती, तिनं लांबूनच हाक मारली, "काय गं, गळा कशाला दाबून घेतीस?" मला हसूही आलं आणि रडूही. अडतीसचा आकडा सरांना पाठवला. उत्तर आलं, "उद्या पण तेवढंच. घाई बेडा." बेडा म्हणजे नको.

चौथ्या दिवशी चौतीस आलं. मग अर्धा तास, मग पाऊण तास, मग एकटीनं ड्रिबल, शूटिंग. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि दम लागला की एक पायरी खाली. दोनदा खाली आले. झोनल आमच्याच कोर्टावर होती, 18 डिसेंबरपासून. कोर्टावर नव्या रेघा मारल्या होत्या, खुर्च्यांसाठी सहा-सहा फुटांवर चुन्याचे गोल. माझी शेवटची पायरी 18 च्या आत बसत नव्हती. सरांनी बारा जणींच्या यादीत माझं नाव घातलं, माझ्याच 7 नंबरच्या जर्सीवर, आणि म्हणाले, "बेंचवर बस. जागा तुझंच."

पण ती झोनल झालीच नाही. विषाणूमुळं नव्हे. आदल्या दिवशी बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून बेळगावात वातावरण तापलं, रात्री अनगोळला कन्नड क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली, दगडफेक झाली आणि 18 ला शहरात जमावबंदी. चार महिने गर्दी नको, गर्दी नको म्हणून जपलं, आणि शेवटी गर्दी नको म्हणूनच मॅच गेली, पण भलत्याच कारणानं. आमच्या टीमच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी काहीच लिहिलं नाही. मराठी पोरींनी नाही, कन्नड पोरींनी नाही. सकाळी कॅम्पातलीनं फक्त एक बॉलचं चित्र टाकलं. मग सगळ्यांनी टाकलं.

झोनल निपाणीला गेली, 28 आणि 29 तारखेला. मला दहा दिवस जास्तीचे मिळाले, शेवटची पायरी त्यात बसली. ज्या गडबडीनं शहराचा घोर लावला, तिच्यामुळं मला मॅच मिळाली, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पहिला दिवस नीट गेला. सर मला चार-चार मिनिटंच खेळवायचे, बाहेर काढलं की लांबून बोटं गळ्याला लावून खूण करायचे. मी मोजून हातानं आकडा दाखवायची. प्रेक्षक नव्हते, त्यामुळं बॉलचा आणि बुटांचा आवाज एवढा मोठा यायचा की स्वतःचाच श्वास परक्याचा वाटायचा. निपाणीत वाऱ्याबरोबर तंबाखूचा वास येतो. तो आला तेव्हा मी आधी नाक भरून घेतला. वास येतोय!

दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. पहाटे साडेपाचला गाडीजवळ रजिस्टर माझ्या हातात. ती सेकंड इयरची शूटर आली, पेन घेतलं आणि थांबली. ते थांबणं मला ओळखीचं होतं.

"अक्का, रात्रीपासून घसा खवखवूलाय. थोडासाच. लिहू काय?"

आदल्या दिवशी आमच्या संघाचे निम्मे पॉइंट तिनं टाकले होते. सर दुसऱ्या गाडीजवळ होते, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी म्हटलं, "लिही." तिनं ‘आहे’ लिहिलं. सरांनी वाचलं, मॅडमबरोबर तिला हॉस्टेलला पाठवलं. यादीत तिचं नाव तसंच ठेवलं. आम्ही अकरा जणी गेलो आणि तीन पॉइंटनी हरलो. शेवटच्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात, जिथून ती डोळे मिटून टाकते, तिथं बॉल माझ्या हातात आला. रिंगला लागून बाहेर.

तिचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. निगेटिव्ह. साधं पडसं होतं.

तिसऱ्या नंबरची मॅच 8 जानेवारीला, शनिवारी ठरली होती. त्याच शुक्रवारी रात्रीपासून राज्यात वीकेंड कर्फ्यू लागला. मॅच पुढं ढकलली आणि पुढंच राहिली. म्हणजे त्या सीझनमध्ये तिला परत कोर्ट मिळालंच नाही. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा कँटीनच्या बाहेर गाठ पडली, मास्क असूनही डोळ्यांत राग दिसत होता.

"अक्का, तुझं ऐकून खरं लिहिलं आणि मॅच गेली माझी. पुढच्या वेळी मी ‘नाही’च लिहिणार बघ."

"लिही," मी म्हटलं. "आणि मग आमच्या भाताला माणसंही तूच शोध."